आउटलँडर्स यायच्या आधी: मिरजेच्या काउंटरवरून शिकारीची तयारी

"ताई, माझ्या फोनवर तो राक्षसांचा गेम चालंल का?"

मिरजेत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक कॉलेजची पोरं असतात. पंचाईत अशी की ज्या गेमबद्दल विचारतात तो अजून बाजारात आलेलाच नाही. त्यामुळे "चालंल" किंवा "नाही चालणार" असं एका शब्दात सांगून सुटका होत नाही. शेवटी मी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर सगळं लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलं. तेच इथे जरा ऐसपैस लिहिते.

गेमचं नाव मॉन्स्टर हंटर आउटलँडर्स. जपानची कॅपकॉम आणि चीनच्या टेन्सेंटचा टिमी स्टुडिओ मिळून तो बनवतायत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला, त्या रात्री अकरा वाजता माझ्या भाच्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं घरात कोणी आजारी पडलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर येणार, एसोलँड नावाचा मोकळा प्रदेश असणार, एकट्याने खेळा नाहीतर चौघांपर्यंत टोळी करा. सामान गोळा करून तग धरणं, राहायला आडोसा उभारणं हेही त्यात आहे. सोबतीला नेहमीचं मांजर पॅलिको आहेच, शिवाय ट्रेलहॉक नावाचा पक्षी.

आता माझा ह्या मॉन्स्टर हंटर मालिकेशी काय संबंध, ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. मालिका २००४ साली प्लेस्टेशन २ वर सुरू झाली तेव्हा मला तिचा पत्ताही नव्हता. काही वर्षांनी आखातातून सुट्टीवर आलेल्या एका गिऱ्हाइकाने पीएसपी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, दुरुस्तीला टाकला. त्याची ती हलणारी गोल कळ अडकली होती. पार्ट मिळेपर्यंत त्याची सुट्टी संपली. जाताना म्हणाला, "राहू द्या तुम्हालाच." आत मॉन्स्टर हंटर फ्रीडम युनाइटची डिस्क होती.

त्यात सुरुवातीलाच एक साधं काम येतं. बर्फाळ डोंगरावर जायचं आणि पोपो नावाच्या केसाळ जनावरांच्या जिभा आणायच्या. मी आपली भाजी आणायला निघाल्यासारखी निघाले. जिभा कापत असताना मागून टायग्रेक्स आला. पिवळा, निळ्या पट्ट्यांचा, अंगावर झेपावणारा. मी तलवार काढून लढायला उभी राहिले आणि दोन फटक्यांत आडवी झाले. चौथ्या खेपेला कुठे डोक्यात प्रकाश पडला की ह्याला मारायला कोणी सांगितलंच नाहीये. जिभा उचल आणि पळ. त्या दिवशी मला हा गेम कळला. जनावर काय करतंय ते बघायचं, आपला हात नंतर. प्रिव्ह्यू बघतानाही मी हेच धरून बसते.

व्हिडिओ बघायची माझी पद्धत

ट्रेलर पहिल्यांदा बघताना मजा घ्या, काही शोधू नका. सूर्योदय, गवत, उडणारा राथालॉस नावाचा राक्षस, अंगावर काटा येतो, येऊ द्या. दुसऱ्यांदा बघताना मात्र आवाज बंद करा. संगीत काढलं की निम्मा ट्रेलर पोकळ निघतो. आमच्या मिरजेत तानपुरे बनतात. आमच्या गल्लीतले एक काका म्हणतात की पॉलिश बघून वाद्य घेणारा फसतो, जवारी, म्हणजे तारेचा झंकार, ऐकावी लागते. इथे उलटं आहे, कान बंद केल्यावर कळतं.

तिसऱ्यांदा बघताना स्क्रीनवर बटणं दिसतात का ते बघा. मोबाईल गेमच्या व्हिडिओत डावीकडे फिरायची गोल कळ आणि उजवीकडे हल्ल्याची बटणं दिसत नसतील, तर ते खेळताना घेतलेलं चित्रण नाही, निदान तुम्ही खेळाल तसं नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना असते, तीही थांबवून वाचा. मग एकच सलग तुकडा किती वेळ चालतो ते मोजा. तीन-तीन सेकंदांचे तुकडे जोडून कुठलीही लढाई थरारक दिसते. मला हवा असतो न तोडलेला एक मिनिट, ज्यात खेळाडू चुकतो, मार खातो, औषध पितो. असा मिनिट ज्यांनी दाखवला त्यांच्या गेमवर माझा जास्त भरवसा.

मग वेग ०.२५ वर आणा. कॉम्प्युटरवर बघत असाल तर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम ह्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करता येते. आता शिकाऱ्याकडे दुर्लक्ष करा आणि जनावराकडे बघा.

हल्ला करण्याआधी ते काही इशारा देतं का? मालिकेतलं प्रत्येक मोठं जनावर बोलतं, तोंडाने नाही, अंगाने. शेपूट फिरवायच्या आधी खांदा वळवतं, आग ओकायच्या आधी मान मागे घेतं. हा इशारा वाचून बाजूला होणं हाच सगळा खेळ. फोनच्या छोट्या स्क्रीनवर तो वाचता येईल इतका मोठा आहे का, हे बघायचं. भाचा आणि मी एकदा एकच चौदा सेकंदांचा तुकडा पाऊण तास बघत बसलो होतो. वहिनी येऊन म्हणाली, "दोघं मिळून एकच सरडा किती वेळ बघणार आहात?"

मग जखमा बघा. मूळ गेममध्ये मोठ्या जनावराच्या डोक्यावर रक्ताची पट्टी नसते, आणि मला तीच गोष्ट सर्वांत आवडते. ते दमलं की तोंडातून लाळ गळते. मरायला टेकलं की लंगडत आपल्या घरट्याकडे जातं आणि तिथे झोपून घेतं. तुम्हाला डोळ्यांनी ओळखायचं असतं, एखाद्या जनावरांच्या डॉक्टरासारखं. शेपटी तुटली तर तुटलेली राहते, तिच्यातून वेगळं सामान मिळतं, आणि त्यानंतर शेपटीच्या फटक्याची लांबीही कमी होते. नव्या गेममध्ये लंगडणं आहे का, की वर लाल पट्टी ठेवून मोकळे झालेत? पट्टी असली म्हणजे गेम वाईट असं मी म्हणणार नाही. पण मग ती वेगळ्या जातीची शिकार झाली.

आणि सर्वांत शेवटी शस्त्राचा वार. ही गोष्ट शब्दांत सांगायला अवघड, म्हणून शेतातली सांगते. माझ्या मामाच्या रानात ऊस. कोवळ्या कांड्यातून कोयता सुळकन जातो, वाळक्या पेऱ्यावर बसला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. मॉन्स्टर हंटरमध्ये हे फरक दाखवलेले असतात. ग्रेट सोर्ड, म्हणजे भलीमोठी तलवार, मऊ मांसात बसली की क्षणभर पातं आतच थांबल्यासारखं होतं. खवल्यांवर बसली की टणकन उसळते आणि शिकारी मागे कोलमडतो. धार बोथट झाली की उसळणं वाढतं, मग कुठेतरी आडोशाला बसून दगडावर धार लावायची. ०.२५ वेगावर हा थांबा स्पष्ट दिसतो. पातं हवेतून जावं तसं जनावरातून जात असेल आणि नुसते आकडे उडत असतील, तर हे कोयता न चालवलेल्या माणसाने बनवलंय असं समजा.

वहीत दोन रकाने करा. एकात "दिसलं", दुसऱ्यात "सांगितलं". व्हिडिओत निवेदकाने सांगितलेली गोष्ट "दिसलं"मध्ये लिहायची नाही. एवढी एकच शिस्त पाळली तरी महिन्याभराने वही उघडल्यावर कळतं, दुसरा रकाना किती लांब झालाय.

फोनची परीक्षा

हा माझा धंदा, त्यामुळे इथे जरा थांबते.

सगळे विचारतात, रॅम किती लागेल. मी विचारते, विसाव्या मिनिटाला फोन किती तापतो? नवा फोन पहिली पाच मिनिटं कुठलाही गेम मस्त चालवतो. मग प्रोसेसर तापतो, स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो आणि चित्र अडखळायला लागतं. मोकळ्या जगाच्या गेममध्ये तर प्रोसेसरला उसंतच नसते. तुम्ही डोंगर चढताय तोवर पलीकडची दरी आत भरावी लागते.

परीक्षा अशी घ्या. तुमच्या फोनवर चालणारा सर्वांत जड गेम टाका. जेनशिन इम्पॅक्ट असेल तर उत्तम, नाहीतर कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल. हा दुसरा टिमीनेच बनवलेला, २०१९ चा. बॅटरी ऐंशी टक्के करा, चार्जर काढा, कव्हर काढा, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं सलग खेळा. पाचव्या मिनिटाला बॅटरी किती उतरली ते लिहा, विसाव्याला पुन्हा लिहा. मग फोन उलटा करून कॅमेऱ्याच्या आसपास बोट ठेवा, बहुतेक फोनमध्ये प्रोसेसर त्याच भागात असतो. दहा आकडे मोजेपर्यंत बोट ठेवता आलं तर ठीक. नाही ठेवता आलं तर नव्या गेमच्या ग्राफिक्सची सेटिंग खालच्या पायरीवर ठेवायची तयारी आत्ताच करा.

माझ्या भाच्याचा फोन चौदाव्या मिनिटाला अडखळला आणि बॅटरी एकदम अकरा टक्क्यांनी खाली आली. त्याला नवा फोन हवा होता. मी पाठ उघडली तर बॅटरी किंचित फुगलेली. फुगलेल्या बॅटरीची खूण घरच्या घरी कळते. मागचं पॅनेल एका कडेने उचललेलं दिसतं, किंवा टेबलावर ठेवलेला फोन बोटाने ढकलला की गोल फिरतो. असा फोन चार्जिंगला लावून खेळू नका, उशीखाली तर नकोच. भाच्याचं नव्या बॅटरीवर भागलं. तोंड मात्र आठवडाभर वाकडं होतं.

आणखी एक. डिस्प्ले एकदा फुटून बदलला असेल तर कुठला कॉम्बो (काच, टच आणि डिस्प्ले एकत्र) टाकला होता ते आठवा. स्वस्तातल्या कॉपी कॉम्बोवर व्हॉट्सअॅप बघायला काही अडचण नसते, पण एकाच वेळी तीन बोटं ठेवली की एक बोट गायब होतं. तपासायचं कसं? सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा. आता चार बोटं एकदम टेकवा. प्रत्येक बोटामागे रेघ उमटायला हवी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात चारचा आकडा दिसायला हवा. बोटं तशीच ठेवून हळूहळू फिरवा. रेघ मध्येच तुटली तर त्या जागी टच मेलेला आहे. लढाईत नेमकं बाजूला होण्याचं बटण तिथे आलं की तुम्ही गेमला शिव्या द्याल.

चार बोटं कशाला, असं कोणी विचारेल. पीएसपीला फिरायची कळ एकच होती, तीही डावीकडे, आणि कॅमेरा फिरवायच्या कळाही डावीकडेच. म्हणजे पळायचं आणि मान वळवायची, दोन्ही एकाच हाताने. मग लोकांनी डावा अंगठा कळेवर ठेवून तर्जनी आकड्यासारखी वाकवून वरून कॅमेऱ्याच्या कळांवर आणली. जपानात ह्या पकडीचं नावच मोनहान-मोची पडलं. आपल्या चपला शिवणाऱ्या मोचीशी त्याचा संबंध नाही, त्यांच्याकडे मोची म्हणजे धरण्याची तऱ्हा. मी तशी वर्षभर खेळले, तर्जनीचं पेर दुखायचं. पुढे पबजीच्या काळात दुकानात येणारी पोरं फोन तसाच खेकड्यासारखा धरताना पाहिली आणि हसू आलं. ती सवय ज्यांना आहे त्यांना आउटलँडर्समध्ये फायदाच होईल. नसेल तर आत्तापासून तीन बोटांनी खेळायला लागा. दोन अंगठ्यांनी एक तर पळणं होतं, नाहीतर बघणं.

जागा मोकळी ठेवा. जेनशिनसारखे गेम वाढत वाढत वीस जीबीच्या पुढे जातात. लग्नाचे व्हिडिओ कुठेतरी उतरवून घ्या. सेटिंगमध्ये "रॅम वाढवा" म्हणून जे असतं ते स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतं, त्याने तापणं काही कमी होत नाही. आणि तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नका. हसू नका, गेल्या उन्हाळ्यात एकाने ठेवला होता. बाहेर काढल्यावर आत दव धरलं आणि चार्जिंग पिन हिरवी पडली. पंख्याखाली ठेवा, बास.

हात बसवायचा तर कशावर

गेम येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. फोनवरच करायचं तर मॉन्स्टर हंटर नाऊ आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला. त्यात खरोखर रस्त्याने चालावं लागतं आणि एक शिकार पंचाहत्तर सेकंदांत उरकायची असते. मी संध्याकाळी दुकान बंद करून गणेश तलावाच्या बाजूने फेरी मारते तेव्हा खेळते. शिकार फारच छोटी, पण इशारा बघून बोट सरकवून बाजूला व्हायची सवय तिथे लागते. लोक मला बघून रस्ता बदलतात, ते जाऊ द्या.

घरी बऱ्यापैकी कॉम्प्युटर असेल तर मॉन्स्टर हंटर वर्ल्ड घ्या. २०१८ चा गेम आहे, सेलमध्ये बराच स्वस्तात मिळतो, आणि जनावरांचं वागणं शिकायला अजूनही त्याच्याइतका चांगला मास्तर नाही. सुरुवातीला भेटणारा ग्रेट जाग्रास नावाचा राक्षस बघा. पोट भरून जनावर गिळलेलं असताना त्याची चाल वेगळी, रिकाम्या पोटी वेगळी.

शस्त्रं चौदा प्रकारची आहेत. सगळे लाँग सोर्डकडे धावतात, कारण व्हिडिओत ती छान दिसते. नवख्याला मी ढाल-तलवार सांगते, सोर्ड अँड शील्ड. ती हातात असतानाच औषध पिता येतं, बाकीची बहुतेक आधी म्यान करावी लागतात. फोनवर बटणं आधीच दाटीवाटीने असतात, तिथे एक पायरी वाचली तरी पुष्कळ. हंटिंग हॉर्न नावाचं एक वाजवायचं शस्त्र आहे, सूर धरून सोबत्यांची ताकद वाढवतं. मिरजेची असून मी अजून ते घेतलेलं नाही ह्याची मला लाज वाटते.

टोळी जमवताना

मालिकेतला नियम असा की एका शिकारीत तीनदा कोणी बेशुद्ध पडलं की शिकार संपली. तिघं एकेकदा पडले काय किंवा एकच जण तीनदा पडला काय, हिशेब सगळ्यांच्या नावावर. मांजरं हातगाडीवर घालून तुम्हाला छावणीत आणून ओततात आणि तुमचे सोबती गप्प होतात. भिशीत एकाने हप्ता चुकवला की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, अगदी तसंच. पबजीसारख्या बॅटल रॉयल गेममध्ये वाढलेल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे पडलेल्याला उचलता येतं आणि पुढच्या डावात सगळं विसरलं जातं.

आउटलँडर्सच्या प्रिव्ह्यूत हा नियम जसाच्या तसा ठेवलाय का, हे मी मुद्दाम शोधते. तो ढिला केला तर गेम सोपा होईल, पण टोळीत एकमेकांची काळजी घेण्याचं कारणही जाईल. टोळी निवडताना उत्तम नेमबाज नको, न चिडणारा माणूस घ्या. आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकाच वायफायवर खेळायचं ठरवलं असेल तर आधी घरातल्या मोठ्यांची मालिका किती वाजता लागते ते विचारून घ्या.

पैसे, आणि चोर

मूळ मालिकेत एक सुंदर गोष्ट आहे. तुम्ही जे मारता तेच अंगावर घालता. राथालॉसचं चिलखत अंगावर दिसलं म्हणजे त्या माणसाने राथालॉस मारलाय, तेही बरेच. पैशांनी ते मिळत नाही. बाजारात विकतात ते रंगीत कपडे आणि हावभाव.

आउटलँडर्समध्ये अॅडव्हेंचरर म्हणून तयार पात्रं दाखवली आहेत, प्रत्येकाची आपली कहाणी आणि आपलं कौशल्य. माझं बोट तिथे थांबतं. ही पात्रं खेळून मिळणार, की सोडत काढून? प्रिव्ह्यूत मेनू क्षणभर जरी दिसला तरी तिथे व्हिडिओ थांबवा आणि वरच्या पट्टीत किती प्रकारची नाणी-हिरे आहेत ते मोजा. एक-दोन असतील तर निवांत राहा. चार-पाच असतील, त्यातल्या एकाला अधिकचं चिन्ह असेल आणि बाजूला "अमुक दिवस शिल्लक" लिहिलेलं असेल, तर पाकीट दुसऱ्या खोलीत ठेवा. मी दुकानातल्या पोरांना सांगते, पहिला महिना एक रुपयाही टाकायचा नाही. आईच्या फोनवर यूपीआय उघडं असेल तर तिला सांगून पिन बदलून घ्या, स्वतःच्याच हाताने.

प्रकाशक कोण आहे हेही बघा. २ सप्टेंबर २०२० ला आपल्या सरकारने ११८ अॅप बंद केली, त्यात पबजी मोबाईल होता. त्या आठवड्यात दुकानात येऊन पोरं विचारत होती, "ताई, यूसी (गेममधली विकत घेतलेली नाणी) परत मिळतील का?" मला काय सांगायचं ते कळेना. बीजीएमआय ह्या नव्या नावाने तो जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्याच काळात टिमीनेच बनवलेला कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल मात्र सुरू राहिला, त्याची प्रकाशक अॅक्टिव्हिजन. म्हणजे बनवणारा कोण एवढ्यावर भागत नाही, आपल्या देशात तो कोणाच्या नावाने येतोय हे प्ले स्टोअरच्या पानावर वाचायचं. आणि केवळ ऑनलाइन चालणारा गेम कधीतरी बंद होतोच. टेन्सेंटनेच चीनमध्ये मॉन्स्टर हंटर ऑनलाइन चालवला होता, ३१ डिसेंबर २०१९ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि लोकांची वर्षानुवर्षांची शस्त्रं गेली. माझा पीएसपी खणात आहे, कळ बदलली की आजही टायग्रेक्स तिथेच उभा असतो.

चोरांबद्दल थोडंच, पण नीट वाचा. जिथे गेम आलेला नसतो तिथे "लवकर खेळा" म्हणणारी फाइल आधी येते. एका गिऱ्हाइकाने कुठल्याशा ग्रुपवरून अशी एपीके टाकली. चिन्ह अगदी हुबेहूब. उघडल्यावर काळी स्क्रीन, आणि आधी त्याने मेसेज वाचायची आणि अॅक्सेसिबिलिटीची परवानगी देऊन टाकलेली. रात्री ओटीपी येत राहिले, ते त्याला दिसलेही नाहीत. सकाळी माझ्याकडे आला तेव्हा खात्यात नावापुरते पैसे होते. गेमला मेसेज वाचायची काय गरज? मागितली परवानगी की तिथेच थांबा. असं काही टाकून बसला असाल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा, दुकानात नंतर या.

नोंदणी करायची ती प्ले स्टोअर, अॅप स्टोअर किंवा गेमच्या अधिकृत साइटवरूनच. गेम येण्याआधी काही खेळाडूंना घेऊन चाचणी होते, तीत घ्यायला कोणी पैसे मागत असेल तर तो चोर. चाचणीत नंबर लागलाच, तर आधी अटी वाचा. बऱ्याच चाचण्यांत चित्रण करायला मनाई असते आणि शेवटी सगळी प्रगती पुसली जाते. त्यामुळे चाचणीत चिलखत जमवत बसू नका, जितक्या जनावरांचा मार खाता येईल तितका खाऊन घ्या. चौदाही शस्त्रांमधली जी मिळतील ती एकेकदा हातात धरून बघा. विसाव्या मिनिटाला फोन हाताला कसा लागतो ते वहीत लिहा.

आणि तो सगळ्यांसाठी उघडेल त्या दिवशी पहिला तास शिकारीला जाऊच नका. डाउनलोडला गर्दी असणार, सर्व्हर धापा टाकत असणार. एखाद्या टेकडीवर चढा, झुडपाआड बसा आणि दोन मोठी जनावरं एकमेकांच्या वाटेत आली तर काय करतात ते बघा. भाच्याने आपली वही त्यासाठी कोरी ठेवली आहे. पहिल्या पानावर "पोपो दिसले तर जिभा" एवढंच लिहिलंय.